चीन श्रीमंत झाला, मग लोकशाही का आली नाही? उत्तर उमेदवारांच्या यादीत शोधावं लागतं

प्रश्न नेहमी असा येतो: १९७८ पासून चीनने बाजारपेठ खुली केली, देश श्रीमंत झाला, शिकलेला मध्यमवर्ग उभा राहिला, मग लोकशाही का आली नाही, आणि पुढेमागे येईल का? या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आहे. आधी पैसा येतो, मग शिक्षण, मग मध्यमवर्ग आणि शेवटी राजकीय हक्क. समाजशास्त्रज्ञ सेमूर मार्टिन लिपसेट यांनी १९५९ मध्ये संपन्नता आणि लोकशाही यांची सांगड घातली, तेव्हापासून हा क्रम धोरणकर्त्यांच्या अंगवळणी पडला. २००० साली बिल क्लिंटन यांनी चीनला जागतिक व्यापार संघटनेत घेण्याची बाजू मांडताना बराचसा आधार याच क्रमाचा घेतला होता.

चीनच्या तारखा ओळीने मांडल्या तर हा क्रम उलटा दिसतो. बीजिंगमधल्या शीदान चौकातल्या भिंतीवर लोक उघडपणे राजकीय पत्रकं चिकटवत होते ते १९७८-७९ मध्ये, जेव्हा देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे १५० डॉलर होतं. विद्यापीठांतली पोरं स्थानिक निवडणुकीत उभी राहून जाहीर सभा घेत होती ते १९८० मध्ये. पक्ष (म्हणजे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष) आणि सरकार वेगळं करायचा ठराव पक्षाच्याच अधिवेशनात झाला तो १९८७ मध्ये. आणि मार्च २०१८ मध्ये, दरडोई उत्पन्न १०,००० डॉलरच्या जवळ पोचलेलं असताना, राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा राज्यघटनेतून काढून टाकली गेली. बाजूने २,९५८ मतं, विरोधात २, तटस्थ ३. गरीब चीनमध्ये राजकारण जास्त मोकळं होतं.

म्हणून "सुधारणांमुळे लोकशाही येते का" असं विचारण्यापेक्षा, प्रत्येक आर्थिक सुधारणेने नेमका कोणता राजकीय पेच उभा केला आणि पक्षाने तो कसा सोडवला, हे बघत गेलं पाहिजे. तसं बघितलं की एक गोष्ट परत परत सापडते. लोकांना जमीन कसायला मिळाली, कायदे मिळाले, मालमत्तेचा हक्क मिळाला, कधी कधी सुनावणीही मिळाली. एक किल्ली मात्र पक्षाने हातची सोडली नाही: निवडणुकीला कोणी उभं राहायचं आणि निवडणूक कोणत्या पायरीपर्यंत न्यायची.

सुरुवात खेड्यापासून करावी लागते, कारण सुधारणांची सुरुवातही तिथलीच. १९७८ च्या अखेरीस अनहुई प्रांताच्या फेंगयांग तालुक्यातल्या शियाओगांग गावात १८ कुटुंबांनी एका कागदावर लाल शाईचे अंगठे उमटवले. सामुदायिक जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारी धान्याचा कोटा भरायचा, उरेल ते घरात ठेवायचं. त्या काळात हा गुन्हा होता, म्हणून त्याच कागदात पुढचंही लिहिलं होतं: गावच्या कारभाऱ्यांना तुरुंगवास झाला तर त्यांची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीची कुटुंबं सांभाळतील. पुढच्या हंगामात धान्य भरघोस आलं, वरच्यांनी डोळेझाक केली, आणि पाच-सहा वर्षांत देशभरची लोककम्यून, म्हणजे सामुदायिक शेती चालवणाऱ्या सरकारी संस्था, मोडीत निघाली.

आता पेच बघा. कम्यून ही फक्त शेतीची व्यवस्था नव्हती. पाण्याची पाळी, रस्त्याची डागडुजी, चोऱ्यामाऱ्या, भांडणतंटे, धान्यवसुली, सगळं तीच बघायची. ती मोडल्यावर गावात कारभारी उरला नाही. ग्वांगशीमधल्या हझाई गावात १९८० मध्ये ८५ कुटुंबांच्या प्रतिनिधींनी आपणहून मतदान करून एक समिती निवडली, कारण चोऱ्या आणि जंगलतोड थांबवायला कोणीच नव्हतं. १९८२ च्या राज्यघटनेत ग्रामसमित्यांना जागा मिळाली आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये त्यांचा कायदा 'प्रायोगिक' म्हणून झाला. त्याची बाजू लावून धरणारे पेंग झेन हे जुन्या पठडीतले कडक नेते होते. त्यांचा हिशेब सरळ होता: धान्यवसुली आणि कुटुंबनियोजन यांसारखी नकोशी कामं वरून नेमलेल्या माणसापेक्षा गावाने निवडलेला माणूस कमी भांडणात करून घेईल. गावपातळीवरची निवडणूक आली ती अशी, राज्यकारभाराची गरज म्हणून. लोकशाहीवरचं प्रेम हे तिचं कारण नव्हतं.

मराठी वाचकाने इथे एक फरक लक्षात ठेवावा. आपली ग्रामपंचायत हा राज्यव्यवस्थेचा सर्वात खालचा स्तर आहे. तिच्यावर पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा अशी निवडून आलेल्या संस्थांची चढण आहे. चीनची ग्रामसमिती कायद्याने राज्यव्यवस्थेच्या बाहेर आहे. तिला 'जनतेची स्वशासन संस्था' म्हणतात. राज्याचा सर्वात खालचा स्तर म्हणजे तिच्या वरचं नगरशासन, आणि त्याचा प्रमुख लोक थेट निवडत नाहीत. त्यामुळे गावात निवडून आलेला माणूस तिथेच थांबतो.

कायदा कागदावर चांगला आहे. समितीत ३ ते ७ सदस्य. उमेदवारी गावकऱ्यांनी द्यायची. निम्म्याहून जास्त मतदारांनी मतदान केलं पाहिजे आणि जिंकणाऱ्याला पडलेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. मतदान गुप्त, मोजणी जागच्या जागी सगळ्यांसमोर. १९९८ मध्ये कायदा कायम झाला तेव्हा जिलिन प्रांतातल्या लिशू तालुक्याची 'समुद्र निवडणूक' देशभर गाजत होती: कोरा कागद, मतदाराने मनातलं नाव लिहायचं, आधीची यादीच नाही. माझ्या मते चीनमध्ये निवडणुकीचं जे सर्वात मोकळं रूप कायद्याच्या चौकटीत जमलं ते हेच, आणि त्याचं मर्म यादी नसण्यातच आहे.

बिघाड कुठे होतो? पहिली जागा, फिरती मतपेटी. म्हातारे आणि आजारी लोक यांच्या सोयीसाठी पेटी दारोदार न्यायची मुभा होती. पेटी घेऊन येणाऱ्या दोघा-तिघांच्या समोर गुप्त मतदान कसं व्हायचं? दुसरी, मुखत्यारीचं मत. गावची तरुण माणसं शेनझेन नाहीतर शांघायला कामाला, मग घरातला एकजण सगळ्यांची मतं टाकतो. २०१० च्या दुरुस्तीत एका माणसाला जास्तीत जास्त तिघांची मतं टाकता येतील अशी मर्यादा घालावी लागली. तिसरी जागा सर्वात खोल आहे. गावात निवडलेल्या समितीशेजारी पक्षाची शाखा असते आणि तिचा चिटणीस वरून ठरतो. शिक्का आणि हिशेबाची वही कोणाच्या कपाटात आहे, यावर खरी सत्ता ठरते. पुष्कळ ठिकाणी 'गावचा पैसा, नगराची देखरेख' या पद्धतीने हिशेब नगरशासनाकडेच गेला. २००६ मध्ये शेतीकर रद्द झाला, ही शेतकऱ्यांसाठी मोठी सुटका होती. पण त्याबरोबर ग्रामसमितीचं स्वतःचं उत्पन्नही आटलं आणि ती वरून येणाऱ्या अनुदानावर जगू लागली. अलीकडे चिटणीस आणि समितीप्रमुख ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे देण्याचा आग्रह धरला गेला. चिनी कारभारात याला 'एकाच खांद्यावर कावड' म्हणतात. २०१८ मध्ये समितीचा कार्यकाळही ३ वर्षांवरून ५ केला गेला.

निवडणूक वरच्या पायरीवर चढवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. सिच्वान प्रांतातल्या बूयुन नगरात डिसेंबर १९९८ मध्ये नगरप्रमुखाची थेट निवडणूक झाली. थंडीत सभा झाल्या, उमेदवारांना लोकांनी रस्ते आणि कर्जाबद्दल खोदून खोदून विचारलं, आणि निसटत्या बहुमताने एकजण निवडून आला. काही आठवड्यांतच सरकारी वृत्तपत्रातून सांगितलं गेलं की हे घटनेत बसत नाही, कारण नगरप्रमुख नगराच्या लोककाँग्रेसनेच, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेनेच, निवडायचा असतो. निवडून आलेला माणूस पदावर राहिला. पण प्रयोग देशभर न्यायची वाट बंद झाली.

लोककाँग्रेसच्या निवडणुकीतही हीच तऱ्हा. १९७९ च्या निवडणूक कायद्याने थेट मतदान तालुका पातळीपर्यंत नेलं. त्यावरच्या सगळ्या सभा खालच्या सभेने निवडायच्या, थेट राष्ट्रीय लोककाँग्रेसपर्यंत. कोणत्याही १० मतदारांना उमेदवार सुचवता येतो. उमेदवार जागांपेक्षा किमान एक तृतीयांशाने जास्त आणि फार तर जागांच्या दुप्पट हवेत. पहिली यादी मतदानाच्या १५ दिवस आधी लागते, अंतिम यादी ७ दिवस आधी. या दोन याद्यांमधले दिवस म्हणजे चिनी निवडणुकीचा गाभा. या काळात 'चर्चा आणि सल्लामसलत' होऊन नावं कमी केली जातात. ती सल्लामसलत कोण करतं, कोणत्या निकषावर, याची नोंद बाहेर येत नाही. १९८० मध्ये बीजिंग विद्यापीठाच्या आवारात उमेदवारांनी भाषणं दिली, प्रश्नोत्तरं झाली. त्यानंतर लगेचच नियम आवळले गेले आणि उमेदवाराची ओळख करून देणं हे निवडणूक समितीचं काम ठरलं. २०११ मध्ये समाजमाध्यमांवर बऱ्याच जणांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं की कायद्यात 'स्वतंत्र उमेदवार' असा प्रकारच नाही. २०२१ मध्ये बीजिंगमधल्या १४ जणांनी उमेदवारी जाहीर केली आणि मतदानाआधीच दबावामुळे माघार घेतली.

आता वरच्या पातळीवर काय चाललं होतं तिकडे येऊ. सुधारणा सुरू करणारे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांना लोकशाही हवी होती की नको, यावर पुष्कळ वाद घातला जातो. त्यांची कृती बघितली की उत्तर बरंच स्पष्ट होतं. डिसेंबर १९७८ मध्ये वेई जिंगशेंग या तरुणाने भिंतीवर लिहिलं की शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान या चार आधुनिकीकरणांना लोकशाहीचं पाचवं आधुनिकीकरण हवं. मार्च १९७९ मध्ये त्याला अटक झाली, पुढे १५ वर्षांची शिक्षा. त्याच आठवड्यात डेंग यांनी चार मूलतत्त्वं मांडली; त्यातलं मोलाचं म्हणजे पक्षाचं नेतृत्व. ऑगस्ट १९८० मध्ये याच डेंग यांनी सत्तेचं एकवटणं, तहहयात पदं आणि घराणेशाहीसारखी वागणूक यांवर कडक भाषण केलं. या दोन गोष्टींत त्यांच्या दृष्टीने विरोध नव्हता. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) माओ या एका माणसाच्या लहरीने पक्षाची वाताहत झालेली त्यांनी सोसली होती. त्यांना पक्ष नियमाने चालवायचा होता; पक्षाला स्पर्धक नको होता. १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला दोन कार्यकाळांची मर्यादा आली ती याच विचारातून. आणि त्याच घटनेतून संपाचा हक्क, जो १९७५ आणि १९७८ च्या घटनांमध्ये होता, काढून टाकला गेला. बाजारपेठ आणताना कामगाराच्या हातातलं हे साधन आधी काढून घेतलं, ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते.

सर्वात पुढे गेलेलं पाऊल म्हणजे ऑक्टोबर १९८७ चं तेरावं अधिवेशन. तेव्हाचे प्रभारी पक्षप्रमुख झाओ झियांग यांच्या अहवालात पक्ष आणि सरकार यांचं काम वेगळं करणं, मंत्रालयांवर पक्षाचा ताबा ठेवणारे तिथले पक्षगट मोडणं, परीक्षेने भरायची नागरी सेवा, आणि समाजगटांशी नियमित संवाद या गोष्टी होत्या. केंद्रीय समितीसाठी जागांपेक्षा थोडे जास्त उमेदवार ठेवले गेले, आणि त्या छोट्याशा फटीतूनही डेंग लिचुन हे सनातनी विचारांचे वजनदार नेते पडले. उमेदवार जास्त असले की काय होतं, ते पक्षाने त्या दिवशी स्वतःच्या घरात बघितलं.

हे सगळं मोडलं ते अर्थकारणाच्याच एका फटीत. त्या वेळी एकाच मालाला दोन किमती होत्या: योजनेतली कमी, बाजारातली जास्त. कोळसा, पोलाद, सिमेंट यांचा सरकारी कोटा ज्याच्या सहीने मिळतो त्याच्या नातलगाने तो माल स्वस्तात उचलायचा आणि बाहेर विकायचा. लोक याला 'अधिकाऱ्यांची दलाली' म्हणत. १९८८ च्या उन्हाळ्यात किमती मुक्त करायची घोषणा झाली आणि लोक बँकांपुढे रांगा लावून पैसे काढू लागले, मीठ, काडेपेट्या, कापड, जे मिळेल ते घरात भरू लागले. त्या वर्षी महागाई साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होती. एप्रिल १९८९ मध्ये सुधारणावादी माजी पक्षप्रमुख हू याओबांग वारले आणि विद्यार्थी तिआनानमेन चौकात जमले, तेव्हा शहरातला कामगार त्यांच्याबरोबर आला तो या महागाईमुळे आणि दलालीच्या संतापामुळे. ३ आणि ४ जूनच्या रात्री सैन्याने गोळीबार केला. मृतांची पूर्ण अधिकृत यादी आजतागायत प्रसिद्ध झालेली नाही. सैन्य वापरायला विरोध करणाऱ्या झाओंचं पद गेलं आणि जानेवारी २००५ मध्ये मरेपर्यंत ते नजरकैदेत राहिले. मंत्रालयांतले पक्षगट परत आले.

या घटनेतून पक्षाने जे शिकायचं ते शिकलं: विद्यार्थी, कामगार, व्यापारी आणि शेतकरी यांची एकत्र मोट बांधली जाता कामा नये. १९९२ मध्ये डेंग यांनी शेनझेन, झुहाईचा दौरा करून सुधारणा परत चालू केल्या, त्यानंतरचा सगळा काळ म्हणजे एकेका गटाशी केलेला वेगवेगळा व्यवहार आहे.

खाजगी उद्योजकाचं बघा. सुरुवातीला घरगुती धंद्याला जास्तीत जास्त ७ नोकर चालत. आठवा ठेवला की शोषण. मग वेनझोऊसारख्या ठिकाणी लोकांनी 'लाल टोपी' घातली, म्हणजे धंदा स्वतःचा पण नोंदणी सामुदायिक उद्योग म्हणून. १९८८ च्या घटनादुरुस्तीने खाजगी उद्योगाला मान्यता मिळाली, १९८९ मध्ये उद्योजकांना पक्षाचं सदस्यत्व बंद झालं, आणि जुलै २००१ मध्ये तेव्हाचे पक्षप्रमुख जिआंग झेमिन यांनी ते दार परत उघडलं. २००४ मध्ये कायदेशीर खाजगी मालमत्तेला घटनेचं संरक्षण मिळालं. २०१८ पर्यंत खाजगी क्षेत्राचं वर्णन अधिकृत नेते ५-६-७-८-९ या आकड्यांनी करू लागले: निम्म्याहून जास्त कर, ६० टक्क्यांहून जास्त उत्पादन, ७० टक्क्यांहून जास्त तंत्रनवकल्पना, शहरातला ८० टक्क्यांहून जास्त रोजगार, ९० टक्क्यांहून जास्त उद्योगसंख्या. एवढी ताकद असलेला वर्ग राजकीय हक्क का मागत नाही? कारण त्याचं कर्ज सरकारी बँकेकडे, जमीन स्थानिक सरकारकडे, परवाना खात्याकडे. त्याला संघटना बांधण्यापेक्षा एका अधिकाऱ्याशी ओळख ठेवणं स्वस्त पडतं. शिवाय पक्षघटनेप्रमाणे जिथे तीन पूर्ण सदस्य असतील तिथे शाखा उघडायची, म्हणजे कारखान्याच्या आतही पक्ष बसलेला. ऑक्टोबर २०२० मध्ये अलीबाबा या ऑनलाइन व्यापार कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी बँक नियमनावर जाहीर टीका केली. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्याच अँट या वित्तसमूहाची समभागविक्री थांबली आणि एप्रिल २०२१ मध्ये अलीबाबाला १८ अब्ज युआनहून जास्त दंड झाला. बाकीच्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

कामगारांशी व्यवहार वेगळ्या पद्धतीने झाला. १९९७ नंतर 'मोठे धरा, छोटे सोडा' या धोरणात सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी लोक घरी बसले. २००२ मध्ये ईशान्येत दाचिंग आणि लियाओयांगला हजारो कामगार रस्त्यावर आले. पण प्रत्येक मोर्चा आपापल्या कारखान्यापुरता: आमची थकबाकी, आमचं निवृत्तिवेतन, आमचा व्यवस्थापक. सरकारने पैसे काही प्रमाणात चुकते केले आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. ही जोडगोळी पुढे सगळीकडे वापरली गेली.

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र व्यवहार बिघडला, आणि त्याचं मूळ करप्रणालीत आहे. १९९४ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान झू रोंगजी यांनी करवाटप बदललं. एकूण महसुलातला केंद्राचा वाटा १९९३ मध्ये २२ टक्के होता, तो वर्षभरात ५५ टक्क्यांच्या वर गेला. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च स्थानिक सरकारच्याच गळ्यात राहिला. त्याला पैशाचा एकच झरा सापडला: जमीन. शेतजमीन सामुदायिक मालकीची, शेतकऱ्याला फक्त कसण्याचा हक्क. ती बांधकामाला वापरायची तर बहुतेक वेळा आधी सरकारने संपादित करायची. आणि १९९८ च्या कायद्याप्रमाणे मोबदला जमिनीच्या बाजारभावावर नव्हे, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी पिकावर मोजायचा, आणि जमीन व पुनर्वसन मिळून जास्तीत जास्त ३० पट. भाताच्या किमतीने घ्यायची आणि लिलावात इमारतीच्या किमतीने विकायची. मधली तफावत हे स्थानिक सरकारचं अंदाजपत्रक बनलं. २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही पद्धत सैल केली, पण तोवर शहरं उभी राहिली होती.

ग्वांगदोंग प्रांतातलं वुकान गाव या सगळ्याचं जवळून दिसणारं उदाहरण आहे. किनाऱ्यावरचं गाव, हजारोंची वस्ती, एकच पक्षचिटणीस ४१ वर्षं. सप्टेंबर २०११ मध्ये जमिनींच्या विक्रीवरून गाव उठलं. डिसेंबरमध्ये गावाचे एक प्रतिनिधी, श्वे जिनबो, पोलीस कोठडीत वारले; गावाने अधिकाऱ्यांना हाकललं, पोलिसांनी नाकेबंदी केली. प्रांताने अखेर तडजोड केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये आधी निवडणूक समिती निवडली, मग प्रतिनिधी, आणि ३ मार्चला ग्रामसमिती. आंदोलनाचे नेते लिन झुलुआन सहा हजारांहून जास्त मतं मिळवून प्रमुख झाले. मतदानासाठी प्लायवूडचे आडोसे उभे केले होते, रांगा शाळेच्या मैदानावर होत्या. निवडणूक सच्ची होती यात शंका नाही.

पुढे काय झालं? जमीन परत आली नाही, किंवा फार थोडी आली. कारण व्यवहाराचे कागद तालुक्याच्या आणि शहराच्या दफ्तरात, काही तुकडे कंपन्यांच्या नावे, काही बँकेकडे तारण. ग्रामसमितीला यातलं काही रद्द करायचा अधिकारच नव्हता. गावकऱ्यांनी आपण निवडलेल्या समितीलाच दोष द्यायला सुरुवात केली. जून २०१६ मध्ये लिन यांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडलं आणि सप्टेंबरमध्ये ३ वर्षं १ महिन्याची शिक्षा झाली. गावची पायरी पक्की असून वरची पायरी नसली की निवडून आलेला माणूस मोकळ्या हवेत लटकतो; वुकानमध्ये पडली ती ही वरची पायरी नसलेली शिडी.

सुनावणीचा मार्ग निवडणुकीपेक्षा जास्त टिकला, आणि त्याला कमी लेखू नये. झेजियांगमधल्या वेनलिंग शहराच्या झेगुओ नगरात २००५ मध्ये सोडत काढून सुमारे २७५ रहिवासी निवडले गेले. सोडतीला पिंगपाँगचे चेंडू वापरले. नगरापुढे ३० कामांची यादी होती आणि पैसा एक तृतीयांश कामांपुरताच. लोकांना आधी माहितीपत्रक दिलं, मग गटांत चर्चा आणि तज्ज्ञांना प्रश्न, चर्चेआधी आणि नंतर प्रत्येक कामाला गुण. लोकांनी सांडपाणी प्रक्रिया आणि रोजच्या वापराचे रस्ते वर नेले. दिखाऊ कामं खाली गेली. नगराच्या लोककाँग्रेसने वरची १२ कामं मंजूर केली. शेजारच्या शिनह नगरात प्रतिनिधींनी अंदाजपत्रक ओळीओळीने तपासलं. यातून चांगले रस्ते झाले आणि अधिकाऱ्यांनाही लोकांचं मन कळलं. पण चर्चा घ्यायची की नाही आणि ३० कामं कोणती, हे नगराचा पक्षचिटणीसच ठरवतो. चिटणिसाची बदली झाली की बहुतेक ठिकाणी असा प्रयोगही बंद पडतो.

बदली हा शब्द इथे कळीचा आहे. चीनचा अधिकारी लोकांना नाही, नेमणुका आणि बढत्या ठरवणाऱ्या पक्षाच्या वरच्या संघटन विभागाला उत्तर देतो. त्याच्या गुणपत्रिकेत आर्थिक वाढीला गुण असतात आणि काही बाबींना 'एका मताचा नकार': सामाजिक शांतता बिघडली तर बाकीचे सगळे गुण शून्य. म्हणून बीजिंगला तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला स्थानिक अधिकारी वाटेतच अडवतात. लोकांनीही त्यातून धडा घेतला आहे: मोठा गोंधळ केला तर मोठा तोडगा, छोटा केला तर छोटा, गप्प बसलं तर काहीच नाही. ही उत्तरदायित्वाचीच एक पद्धत आहे, फक्त तिचं इंधन भीती आहे.

मध्यमवर्गाबद्दल थोडक्यात. १९९८ मध्ये सरकारी घरवाटप थांबलं आणि शहरी माणूस स्वतःच्या घराचा मालक झाला. सोसायट्यांच्या मालकसमित्या आल्या, २००७ मध्ये श्यामेनच्या लोकांनी रसायन प्रकल्प रस्त्यावर उतरून हलवायला लावला. पण याच वर्गाची मुलं चांगल्या शाळेत जातात ती शहरातल्या कायम रहिवासी नोंदणीमुळे, जी गावाकडून आलेल्या सुमारे ३० कोटी स्थलांतरित कामगारांपैकी बहुतेकांकडे नाही. सगळ्यांना समान मत म्हणजे शाळा-दवाखान्यांची समान वाटणी, हे त्याला कळतं. लिपसेटच्या क्रमातला मध्यमवर्ग राज्याबाहेर वाढतो. चीनचा बराचसा राज्याच्या आश्रयाने वाढला.

तैवानचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं: तेही चिनी, तेही एकपक्षीय, तेही आधी श्रीमंत झाले आणि मग १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक झाली. यातली सुटलेली बाब अशी की तैवानमध्ये स्थानिक निवडणुका १९५० पासून चालू होत्या, आणि त्या गावापुरत्या नव्हत्या. तालुकाप्रमुख, महापौर, प्रांतिक सभासद निवडले जात. पक्षाबाहेरच्या लोकांना ३५ वर्षं प्रचार करण्याचा, मतं मोजण्याचा, हरण्याचा आणि पुन्हा उभं राहण्याचा सराव मिळाला. १९८६ मध्ये विरोधी पक्ष जाहीर झाला तेव्हा त्याच्याकडे नगरसेवक होते. मुख्य भूमीवर तशी शिडी नाही, म्हणून उत्पन्नाचे आकडे जुळवून तैवानची तारीख चीनवर चिकटवता येत नाही.

२०१२ नंतर काय बदललं? शी जिनपिंग यांनी किल्ली नव्याने घडवली नाही, ती होतीच. त्यांनी इतर कुलपंही लावली. २०१३ च्या 'दस्तऐवज क्रमांक ९' या पक्षाच्या अंतर्गत पत्रकात घटनावाद, नागरी समाज, स्वतंत्र पत्रकारिता यांना धोके म्हटलं गेलं. जुलै २०१५ मध्ये हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांची धरपकड झाली. नागरिकाला सरकारी निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाऊ देणारा १९८९ चा प्रशासकीय दावा कायदा वापरून हेच वकील शेतकऱ्यांच्या जमिनीचे खटले लढत होते. २०१८ मध्ये पक्षाचं नेतृत्व घटनेच्या पहिल्या कलमात आलं आणि डेंग यांनी पक्षाला लहरीपासून वाचवायला घातलेली मर्यादा गेली. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत उरुमची शहरात लागलेल्या आगीनंतर निषेधाचे कोरे कागद हातात धरून अनेक शहरांत एकाच वेळी विद्यार्थी, कामगार आणि रहिवासी बाहेर आले, आणि दोन आठवड्यांत कोविडचे निर्बंध उठले. वेगवेगळे गट एकत्र आले की पक्ष किती झपाट्याने मागे सरतो, हे तेव्हा दिसलं. त्यानंतरच्या अटकाही दिसल्या.

पुढे लोकशाही येईल का, याचा अंदाज उत्पन्नाच्या आलेखावरून बांधू नका. तालुका आणि नगर पातळीच्या लोककाँग्रेसच्या निवडणुका दर पाच वर्षांनी होतात. मागची फेरी २०२१-२२ ची, पुढची २०२६-२७ मध्ये. एखाद्या शहराचा एक प्रभाग निवडा. १५ दिवस आधी भिंतीवर लागलेली यादी आणि ७ दिवस आधीची यादी शेजारी ठेवा. १० मतदारांच्या सह्यांनी आलेली किती नावं पहिल्या यादीत होती आणि त्यातली किती दुसरीत टिकली, ते मोजा. मतपत्रिकेवर यादीबाहेरचं नाव लिहायला कोरी ओळ आहे का, आणि त्या ओळीतली मतं जाहीर होतात का, तेही बघा.